कुंपणावर टांगलेला जर्मन संघ

हैदराबादच्या विमानतळाबाहेर मी पाटीऐवजी जर्सी धरून उभा होतो. लाल-हिरव्या पट्ट्यांची, गळा मीच लावलेली. पाहुणीचं नाव पाटीवर लिहायला घेतलं तर माझ्या हातून काहीतरी चुकणार ही धास्ती, म्हणून जर्सीच आणली. अर्ध्या तासात तिघांनी किंमत विचारली. चौथ्याने मोठा साइझ आहे का विचारलं. पाचवी आली ती क्लारा.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. शाळा मी नववीत सोडली असं घरचे म्हणतात, शाळेनेच मला सोडलं असं मी म्हणतो. इचलकरंजीत मागावर दोन वर्षं काढली आणि एका ट्रकवाल्याच्या ओळखीने तिरुपूरला, बनियनच्या गावाला, पार तमिळनाडूत पोचलो. तिथे आमच्या मुदलाळींनी (मालकांनी) मला कापडाच्या गोदामात झोपायला जागा दिली. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. हाताला धरून त्यांनी ओव्हरलॉकचं मशीन शिकवलं. सतरा वर्षं झाली त्याला. त्या माणसाने विहिरीत उडी मार म्हटलं तर मी एवढंच विचारेन, की कपड्यांसकट मारू की काढून.

आमच्याकडे गेली सहा वर्षं जर्मनीतल्या एका फुटबॉल क्लबच्या सुती जर्सी शिवतात. खेळाडूंच्या नव्हे, खेळाडू नायलॉनसारखं काहीतरी घालतात. या त्यांच्या चाहत्यांच्या. क्लब दुसऱ्या वर्गातला, वर जाता जाता दर साली घसरणारा. नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. जर्सीच्या गळ्याच्या आत एक लेबल असतं. त्यावर लिहिलेलं असतं, की हा कापूस भारतातल्या आदिलाबाद जिल्ह्यात अमुक गावी, विनाफवारणी, मातीवर प्रेम करून पिकवला आहे. मातीवर प्रेम कसं करतात हे मला गळा लावताना कधी सुचलं नाही. आमच्याकडे मातीत राबतात, झालंच तर लोळतात.

आता या क्लबने छोट्या छोट्या फिल्मा काढायचं मनावर घेतलं होतं. ‘आमच्या क्लबचे अनोळखी नातेवाईक’ अशी मालिका. मैदानाबाहेर पाव विकणाऱ्याला पीठ देणारा म्हातारा झाला, क्लबचे झेंडे धुणारी चर्चमधली एक जोगीण झाली, आणि आता पाळी आली कापसाची. त्यासाठी क्लारा येणार होती. तिच्या हुद्द्याचं नाव एवढं लांब, की कार्डाच्या दोन्ही बाजूंना छापलेलं. आमच्या ऑफिसातल्या कारकुनाला इंग्रजी येतं पण मराठी नाही, आणि ते गाव मराठी. म्हणून मला धाडलं. माझं इंग्रजी मशीनवरचं. गळा, बाही, माप, माल रिजेक्ट. त्यापलीकडे हातवारे.

निघताना मॅनेजर म्हणाला, “गोड बोल. बाई खूश होऊन गेली तर पुढच्या हंगामाची ऑर्डर पक्की. नाही तर आठ नंबरची लाईन बंद. चाळीस माणसं. त्यात तू पण.”

ते वाक्य बरोबर घेऊन मी हैदराबादला आलो आणि क्लाराला घेऊन भाड्याच्या गाडीत बसलो.

हैदराबाद सोडलं की रस्ता सरळ, काळजीतला माणूसही झोपी जावा इतका सरळ. निर्मलचा घाट लागला तेव्हा कुठे सागाचं जंगल दोन्ही अंगाला आलं आणि हवा गार झाली. घाट चढून नेरडीगोंड्याला चहाला थांबलो. टपरीवाला तेलुगूत बोलला, मी हिंदीत बोललो, आणि चहा त्याने मराठीत दिला. “घ्या भाऊ, गरम हाये,” म्हणाला. सतरा वर्षांत परक्या मुलखात एवढ्या सहज कुणी मला भाऊ म्हटलं नव्हतं. मी दुसरा चहा निव्वळ त्यासाठी घेतला.

क्लाराने विचारलं, “तुला फुटबॉल आवडतो?”

मी तिला आमच्या कोल्हापूरचं सांगितलं. पेठांचे, तालमींचे संघ, भिंतीवर चढून बघणारी माणसं, हरलं की आठवडाभर त्या गल्लीतून न जाणारे जावई. तुमच्या क्लबचे निकालही मी मोबाईलवर बघतो म्हटलं. “मागच्या मोसमात फार बचाव केला तुम्ही.”

“त्यासाठीच प्रशिक्षकाला काढलं,” ती म्हणाली.

मला बरं वाटलं. तिकडे तरी एकाच्या चुकीसाठी एकालाच काढतात, आख्खी लाईन बंद करत नाहीत.

आदिलाबाद शहर बाजूला टाकून तलमडुगूच्या रस्त्याला लागलो. काळी जमीन, पाऊस नुकता उघडलेला, कपाशीच्या तासांमध्ये तुरीची ओळ, मधेच ज्वारीचा पट्टा. दसरा आठवड्यावर होता. आणि इथे मला पहिली शंका आली. दोन्ही बाजूंची कपाशी हिरवीगार होती. पांढरं कुठे काही दिसेना. क्लबने फिल्मची तारीख कुठल्याशा मोठ्या सामन्याआधीची धरलेली. सामन्याची तारीख सगळ्यांना कळवलेली होती, कपाशीला तेवढी कळवायची राहिली होती.

गावाच्या वेशीवर दिगंबर पटेल भेटले. शेतकरी गटाचे सचिव. पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं, बगलेत फाईल. फाईलीत प्रत्येक शेताची पहाणी (आपल्याकडच्या सातबारासारखा उतारा), वर शिक्के, खाली दस्तखत. कागदावर पाहिलं तर या गावात गेली सहा वर्षं एका किड्यालाही कुणी दुखावलेलं नव्हतं.

“या मॅडम, या मारुतीराव. तयारी एकदम टिपटॉप करून ठेवली,” पटेल म्हणाले आणि गाडीत पुढे बसले.

दुसऱ्याच वळणावर क्लाराने गाडी थांबवायला सांगितलं.

ज्वारीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या खुंटांना तार बांधलेली होती आणि तारेवर तिचा आख्खा क्लब टांगलेला होता. लाल-हिरव्या जर्सी, ओळीने साठ-सत्तर. बाह्यांतून काड्या घातलेल्या, त्यामुळे सगळे खेळाडू हात पसरून उभे, जणू पंचाकडे दाद मागताहेत. पाठी रस्त्याकडे, नाव, नंबर स्पष्ट. तीन वर्षांपूर्वी क्लबने या गावच्या शेतकऱ्यांना भेट म्हणून पाठवलेल्या जर्सी होत्या त्या. ‘शेतकरी अभिमानाने घालतात’ असं आभाराचं पत्र पटेलांनी धाडलं होतं.

“हे काय आहे?” क्लारा.

पटेल माझ्या कानाशी आले. “वाळत घातले म्हणा.”

“एवढे?”

“आज धुण्याचा वार हाये म्हणा ना.”

मी तसं सांगितलं. क्लारा तारेजवळ गेली. सात नंबरच्या गळ्यातून दोडक्याचा वेल वर आला होता, आणि त्याला हातभर दोडका लागलेला होता.

“वाळायला बराच वेळ लागतो का?” तिने विचारलं. चेहऱ्यावर काही नाही.

तेवढ्यात डोक्यावर डालकी घेतलेली एक साठीची बाई धुऱ्यावरून आली. पंचफुलाबाई. शेत तिचंच. तिला धुण्याच्या वाराचं कुणी सांगितलं नव्हतं.

“डुकरं येते बापू वावरात,” ती मला म्हणाली. “पयले लुगडी बांधून पाह्यली. चार दिवस भेली, मंग लुगडं त्यायच्या वळखीचं झालं. हे पट्टे पाहून अजून भेते.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं, कारण यात क्लबची बेअब्रू नव्हती, झाली तर इभ्रतच होती. क्लारा पहिल्यांदा हसली. मग नऊ नंबरसमोर थांबून म्हणाली, “हा तर आता आमच्याकडे नाही. जास्त पैसे मिळाले म्हणून विरोधी क्लबात गेला. लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या.”

मी मराठीत सांगितलं.

“इथून तं कुठीच गेला नाई,” पंचफुलाबाई म्हणाली. “तिकडल्या कोपऱ्यात रोही (नीलगाय) येते, म्हून त्याले तेथी ठुला. सगळ्याइत चांगला उभा राह्यते तो.”

गळे मात्र मी हात लावून बघितले. तीन पावसाळे खाल्ले होते, एकही टाका सुटलेला नव्हता. अभिमान वाटला. कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुपारचं जेवण पटेलांकडे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी (इकडे गोंगूराही म्हणतात), वरण, आणि मिरचीचा ठेचा. आम्ही तांबड्या रश्श्याची माणसं, आम्हाला कोण काय तिखट खाऊ घालणार, अशा तोऱ्यात मी ठेचा बोटभर घेतला. पुढची पाच मिनिटं मला कुठलीच भाषा येत नव्हती. क्लाराने तिच्या वाटणीचा ठेचा निमूट खाल्ला आणि आणखी मागितला.

जेवताना तिने फवारणीचं विचारलं. पटेलांनी पाठ म्हणून दाखवलं. गोमूत्र, निंबोळी अर्क, आणि पूर्वजांची पुण्याई. त्यांच्या मागे कोनाड्यात चादरीखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. पुढे समई, वर झेंडूचा हार. चादरीच्या खालून काळ्या रबराची नळी लोंबत होती. औषध फवारायचा पाठीवरचा पंप होता तो.

“हे काय?” क्लाराने विचारलं.

“कुलदैवत म्हणा,” पटेल भाकरी मोडत म्हणाले.

मी म्हणालो. क्लाराने उठून हात धुतले आणि पंपाला वाकून नमस्कार केला. मी भिंतीकडे बघत राहिलो. एकदा वाटलं सांगून टाकावं. मग चाळीस माणसं आठवली, त्यातला चाळिसावा मी.

चार वाजता पंचफुलाबाईच्या कपाशीत गेलो. मला धक्काच बसला. पुढची तीन तासं, म्हणजे ओळी, पांढरीशुभ्र फुटलेली, चांदण्यासारखी. मागची सगळी हिरवी. जवळ जाऊन पाहिलं तर कापूस जरा पिवळट. मागच्या सालचा. मिटलेल्या बोंडांवर डिंकाने चिकटवलेला. सात बायका एकाच रंगाच्या नव्या कोऱ्या लुगड्यांत उभ्या होत्या, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या.

क्लाराने कॅमेरा लावला. पटेल म्हणाले, “हं, वेचा.”

बायका हलल्या नाहीत.

“सीतादही झाली नाई,” पंचफुलाबाई म्हणाली.

सीतादही म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. वावरात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य. मग झाडावरच्या फुटल्या बोंडातून कापसाची तार ओढायची, बोंडापासून तोडायची नाही, आणि शेजारच्या झाडाला नेऊन गुंडाळायची. तार लांब निघाली तर वेचणी लांबते. त्याआधी कापसाला कुणी हात लावत नाही.

“मंग करून टाक ना. फोटोत चांगलं दिसन,” पटेल म्हणाले. दहीभात कुणाच्या तरी घरून आला. खडे मांडले, कुंकू वाहिलं. पंचफुलाबाई पदर खोचून झाडाशी गेली, बोंडाला हात घातला आणि तिथेच थांबली. तार ओढायची तर कापूस बोंडाला धरलेला पाहिजे. हा आख्खा पुंजका हातात आला. खाली बोंड मुठीसारखं घट्ट.

“नाई जमत,” ती म्हणाली.

“मावशे, सकाळपासून तुमीच तं चिकटवून राह्यल्या. आता काय झालं?”

“चिकटवला ना. फोटोले चालते. तुह्या कागदाले चालते. हिले नाई चालत.” तिने पायाखालच्या मातीकडे हात केला. “हिच्यापुढं खोटं बोंड कसं धरू मी?”

“अवो, कोण पाहून राह्यलं?”

“हेच तं. जे पाह्यते तिच्यासाठीच करतो ना हे?”

क्लारा माझ्याकडे वळली. “काय म्हणतात त्या?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पटेलांनी हळूच ‘नाही’ अशी मान हलवली. मी म्हणालो, “त्या म्हणतात, परक्या बाईसमोर ही पूजा करता येत नाही.”

क्लारा लाल झाली. तिने कॅमेरा खाली घेतला, दोन्ही हात जोडले, माफी मागितली आणि धुऱ्यापर्यंत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. “वा मारुतीराव,” पटेल म्हणाले. चेंडू खांबाला आपटून बाहेर गेला की गोलीला जसं वाटतं, तसं मला वाटलं.

“बाई काऊन गेली ते?” पंचफुलाबाईने विचारलं.

मी पटेलांकडे बघितलं.

“तू काय सांगितलं तिले?”

सांगितलं. तिने पुंजका खाली टाकला.

“सीतादहीले वावरात आलेल्या बाईले आमी हातानं जेवू घालतो. आन मी तिले हाकललं? पाह्य कशी उभी हाये ते, शाळंतून काढल्यासारखी.”

“मावशी, माझी नोकरी जाईल. एकट्याची नाही, चाळीस जणांची.”

“मंग आपल्या नावानं खोटं बोल ना बापा. माह्या काऊन बोलला?” आवाज चढलेला नव्हता. “हा पटेल रोज खोटं लिहिते. पण खाली सही त्याची ठोकते. तू तं माह्या तोंडानं बोलला.”

ती धुऱ्यावर गेली, क्लाराचं मनगट धरून तिला परत घेऊन आली आणि तिच्या ओंजळीत दहीभात घातला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आता सांग.”

मी सांगितलं. बाई तसं म्हणाल्या नव्हत्या, मी म्हणालो. कापूस मागच्या सालचा, हाताने लावलेला. माणसांना दाखवायला त्यांना चालतो, जमिनीला दाखवायला चालत नाही. एवढं सांगायला माझं इंग्रजी पुरेना, तेव्हा मी बोंडावरचा पुंजका उचलून दाखवला आणि आमच्या धंद्यातला शब्द वापरला. रिजेक्ट.

क्लाराने दहीभात संपवला. मग विचारलं, “आणि ते घरातलं दैवत?”

“फवारणीचा पंप.”

“मी त्याला नमस्कार केला.”

“हो.”

पटेल फाईल चाळत होते, जणू एखाद्या पानावर याचंही उत्तर असेल. पंचफुलाबाई तेवढ्यात मोकळेपणाने म्हणाली, की फवारणी न करता कापूस येते का कुठी, बोंडअळी काय फाईल वाचते? तेही मी सांगितलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. तिने असंही सांगितलं, की विनाफवारणीचं म्हणून जास्तीचं काही तिला कधी मिळालं नाही. मिळाली ती जर्सी, आणि ती कामाला आली.

परतीच्या रस्त्यावर क्लाराने तिची अडचण सांगितली. तिच्या साहेबाने तिला सांगून पाठवलं होतं, पांढरा कापूस आणि हसऱ्या बायका आण. तिची नोकरी राहील का, मी विचारलं. तुझी राहील का, तिने विचारलं. दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. सागाची झाडं मागे जात होती. त्या क्षणी आम्ही एकाच संघाचे बाकावर बसलेले खेळाडू होतो.

तिने शेवटी जी फिल्म केली त्यात कापूस नव्हता, नुसतं कुंपण होतं. दोन मिनिटं. डुकरं ज्यांना भितात असे आमचे खेळाडू. त्यांच्या गावात ती फार चालली म्हणे. क्लबने पंचफुलाबाईच्या धुऱ्यासाठी नव्या जर्सी पाठवल्या, यंदाच्या, अधिकृत. सहा वर्षं जे लेबल खोटं होतं त्याबद्दल कुणी जाहीर काही बोललं नाही. लेबल तेवढं निघालं. आता गळ्याच्या आत कापडावरच नुसतं ‘सुती’ छापतात.

ऑर्डर अर्धी झाली. आठ नंबरची लाईन बंद झाली नाही, पण चाळिसातल्या बाराजणींना घरी बसवलं. लेबल जोडणाऱ्या होत्या त्या. त्यांतल्या एकीनेही आदिलाबाद पाहिलेलं नाही. पटेल अजून सचिवच आहेत. गावाचं काही गेलं नाही, कारण गावाला काही मिळतच नव्हतं. आणि मला ठेवलं.

मुदलाळींनी बोलावून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “जा, मशीनवर बस.” मी त्यांचे उपकार मानले, मनापासून मानले. बाहेर येताना त्या बाराजणींपैकी दोघी आपापले डबे पिशवीत भरताना दिसल्या. खरं कुणाच्या नावाने बोललो आणि किंमत कुणाच्या नावाने पडली, हे गणित मला नववीतही सुटलं नसतं. मी दुसऱ्या दाराने गेलो.

परवा मॅनेजर म्हणाला, यवतमाळकडे नवं गाव सापडलंय, दुसऱ्या एका क्लबसाठी. बोलायला चलशील का?

“चलतो,” मी म्हणालो, “पण तिथली माणसं बोलतील तेच सांगीन.”

“मग राहू दे,” तो म्हणाला.

मी मशीनवर येऊन बसलो. त्या दिवशी माझ्या हातून सात गळे वाकडे लागले. उसवले आणि पुन्हा लावले.